आईच्या नावची दोन पत्रं

"आधी खुशाली सांग, मग सामान." सौदीतल्या यान्बूच्या बाजारातल्या त्या किराणा दुकानात शिरलं की गल्ल्यामागून हे ऐकू यायचंच. मुलाचा ताप उतरला, नाशिकला आईचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, एवढं सांगून होईपर्यंत चाचा तांदळाच्या पोत्याला हात लावत नसत. मी रिफायनरीतून दमून आलेला असायचो, कधी कधी वैतागायचोही. पण तुम्ही घरापासून लांब राहिला असाल तर तुम्हालाही माहीत असेल, अशा माणसाचं दुकान सुटत नाही.

दापोलीकडच्या एका खाडीकाठच्या गावातून चाचा विशीत इथे आले. दुकान कफीलचं, म्हणजे त्यांना व्हिसा देऊन ठेवून घेणाऱ्या सौदी मालकाचं, पण खरेदी-विक्री सगळी चाचांच्या हातात. बायको वारली होती, मुलं मुंबईला. ती परत बोलवत; चाचा म्हणत, "एवढा रमजान होऊ दे." असे कितीतरी रमजान झाले.

घरून आलेलं एकही पत्र त्यांनी टाकलं नव्हतं. मागच्या खोलीत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत सगळी जपलेली. शुक्रवारी दुपारी ते एखादा डबा उघडत आणि मला वाचून दाखवत. वर ७८६, खाली सलाम, मग मोहोर कसा आलाय, कुणाचं लग्न ठरलं, कुणी नवी होडी घेतली. अक्षर बहुतेक मोठ्या भावाचं. चाचा त्याला भाई म्हणत.

भाई गेला, आणि पुतण्याने नवं घर बांधायला जुनं पाडायचं ठरवलं. तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत चाचांनी इथून पाठवलेली पत्रं निघाली. टाकून देऊ का, असं पुतण्याने फोनवर विचारलं. मी सुट्टीवर निघालो होतो. चाचांनी कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, त्या दिवशी मात्र म्हणाले, "तेवढी घेऊन ये."

मी आणली. मग आमचे शुक्रवार ती लावण्यात जाऊ लागले. इकडचं पत्र, त्याखाली तिकडचा जवाब. विशीतल्या स्वतःची बढाई वाचून चाचा खुदकन हसत. "काय खोटारडा होतो मी," म्हणत.

अशात ट्रंकेच्या तळाशी दोन निळी पत्रं सापडली. दोन्ही चाचांच्या आईच्या नावची, दोन्ही न फोडलेली.

आई चौथी शिकलेली. तिच्या नावचं पत्र तीच फोडायची. दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे. ही दोन्ही पोचली तेव्हा आई गेलेली होती. भाईने तशीच ठेवून दिली होती.

चाचांनी एक फोडलं, मनात वाचलं आणि माझ्यापुढे धरलं. इथे माझं मन लागत नाही, असं त्यात होतं. तू ये म्हणालीस तर लगेच येतो, राहा म्हणालीस तर राहतो.

"मी जवाबाची वाट बघत होतो," चाचा म्हणाले. "त्याऐवजी भाईचं पत्र आलं, आईला दफन केलं म्हणून. मग कुणाला विचारायचं? राहिलो."

भाईने हे फोडलं असतं तर, असं मी न राहवून विचारलं.

"बोलावलंच असतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "पण आईचं पत्र त्याने फोडायचं कसं?"

पुढच्याच आठवड्यात त्यांनी कफीलला सांगितलं, खलास, आता घरी जातो. कफील म्हातारा होता. चाचांना धरून तो रडला.

विमानतळावर मीच सोडायला गेलो. डबे सामानात दिले होते. दुसरं निळं पत्र तेवढं सदऱ्याच्या खिशात होतं, अजून बंदच. ते फोडणार नाही का, मी विचारलं.

"कब्रीजवळ बसून फोडीन," चाचा म्हणाले. "तिला वाचून दाखवायचंय."

मग ते आत गेले. एका हातात पिशवी होती, दुसरा हात खिशावर दाबलेला. रांगेत पुढच्याला धक्का लागला तरी तो हात त्यांनी काढला नाही.