तंबाखू न खाणाऱ्याचा चुना

मी जन्मात तंबाखू खाल्ली नाही, पण कामतघरच्या आमच्या चाळीत सगळ्यात चांगला चुना माझ्याकडे मिळे.

बाहत्तरच्या सुमाराला मी भिवंडीत शास्त्राचा शिक्षक म्हणून आलो. आईवडील गेलेले, एकुलती बहीण लग्न होऊन विदर्भात. माझी सुट्टी रविवारी, चाळीतल्या लूमवाल्यांची शुक्रवारी. मी मोकळा असलो की ते ड्युटीवर, आणि ते ओट्यावर गप्पांना बसले की मी वह्या तपासतोय. त्यात माझा स्वभाव ताठ. कुणी हाक मारली तर बोलेन, आपण होऊन जाणार नाही. सहा महिने कुणी हाक मारली नाही. मला शांतता आवडते असं मी स्वतःला बजावत होतो, तेही चहूकडे लूम खडखडत असताना.

मग नववीला चुनकळीचा धडा आला. कशेळीच्या खाडीकडे शिंपल्या भाजून केलेली चुनकळी मी बाजारातून आणली. फळ्यावर कॅल्शियम ऑक्साईड असं नाव लिहिलं आणि वर्गात तिच्यावर पाणी ओतलं. ती फुसफुसली, फुगली, फुटली, भांड्याला हात लाववेना. मागच्या बाकावरचे सुद्धा उठून उभे राहिले. उरलेली कळी मी घरी आणून माठात भिजत घातली, म्हटलं भिंतीला मारू.

शेजारच्या खोलीत एक काका होते, मानकोलीकडचे, शेती सोडून लूमवर लागलेले. त्यांनी माठ पाहिला आणि दारात येऊन म्हणाले, "मास्तर, जरा चुना हाय का?"

तिथले सगळे पुरुष बोलायला अशीच सुरुवात करत. चुना मागण्यात कमीपणा नाही, आणि मागितल्यावर कुणी नाही म्हणत नाही. मी बोटभर चुना दिला. काकांनी तळहातावर तंबाखू मळली, पाऊस लांबला म्हणाले आणि गेले. त्या दोन वाक्यांवर मी आठवडा काढला.

मग मात्र मी त्या चुन्याच्या मागेच लागलो. भिंत राहिली बाजूला. कळी विरवायची, आठ दिवस पाण्याखाली ठेवायची, रोज ढवळायची, वरची निवळी काढून नवं पाणी घालायचं, जुन्या धोतराच्या दुहेरी कापडातून गाळायचं, शेवटी चमचाभर साय घोटायची. लोण्यासारखा चुना होई. मी एक डबी विकत घेतली आणि खिशात ठेवू लागलो. संध्याकाळी शिफ्ट सुटली की दोघं-तिघं दारात येत. एक उत्तरेकडचा विणकर हसून म्हणायचा, "मास्टरजी, आपके चूने जैसा चूना नहीं." शाळेतले सहकारी चिडवत, मास्तर अख्ख्या चाळीला चुना लावतात म्हणून. मला ते ऐकायला बरं वाटे. आपण या लोकांच्या उपयोगी पडतो याचा थोडा तोराही चढला होता.

एकदा परीक्षेच्या गडबडीत माठ रिकामा झाल्याचं ध्यानातच आलं नाही. लक्षात आलं ते सकाळी. संध्याकाळी कुणी आलं तर नाही म्हणावं लागणार, आणि एकदा नाही म्हटलं की उद्या कोण येईल? मी घाईने कळी विरवली, संध्याकाळी गाळली आणि डबी भरली. न विरलेले बारीक कण आत तसेच राहतात आणि ओल लागली की तापतात, हे मीच मुलांना शिकवलं होतं. चौघांची तोंडं भाजली. काकांच्या ओठाच्या आतली कातडी सोलून निघाली. त्यांची बायको तिथे खोबरेल लावत होती आणि मी दारात उभा होतो. मला आत या कुणी म्हटलं नाही.

त्यानंतर दारात कुणी येईना. संध्याकाळी शिफ्ट सुटल्याचा आवाज आला की मी वही उघडी ठेवून बसे आणि पावलं पुढे जाताना ऐके. तीन आठवडे. असं एकटं मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. बदलीचा अर्ज लिहून ठेवला होता.

एका शुक्रवारी, लूम बंद असताना, काका दारात आले. "मास्तर, चुना हाय?"

"काका, तुमचं तोंड भाजलंय."

"ते झाला बरा."

मी डबी पुढे केली. चुना घ्यायला ते वाकले आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून त्यांची स्वतःची डबी घरंगळून पडली. झाकण उघडलं. आत ताजा, काठोकाठ भरलेला चुना.

ते मुळीच ओशाळले नाहीत. डबी उचलून, पुसून त्यांनी खिशात टाकली.

"सगल्यांकडं असतो, मास्तर. तंबाखू खानारा चुन्याबिगर घराभाईर पडल का?"

"मग माझ्याकडे कशाला मागत होता?"

"तुमी तंबाखू खात न्हाय. मंग तुमी डबी कशाला ठेवली?"

मला आधी राग आला. मग कानशिलं तापली. वर्षभर मी समजत होतो की मी यांना देतोय.

ते वळून निघाले. मी म्हणालो, "काका, आत या. बसा. चहा टाकतो."

त्यांनी चपला काढल्या आणि आत आले. माझ्या खोलीत बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी त्यांना खाटेवर बसवलं आणि स्वतः उभा राहिलो.