मातीचा बेडूक

आमचे शेत मेळघाटाच्या पायथ्याशी होते. डोंगरातून उतरणारा नाला आधी वरच्या गावातून जाई आणि मग आमच्या बांधाला लागे. परदेशात लढाई जुंपली आणि अमरावतीच्या बाजारात कापसाला कधी नव्हता एवढा भाव आला. तेव्हा माझ्या थोरल्या बंधूंनी, दादांनी, काठावरचे उंबर, जांभूळ आणि करंज तोडून पार पाण्यापर्यंत कपाशीची पऱ्हाटी पेरली. मी त्यांच्या हाताखाली शेती पाहत असे. मीही कुऱ्हाड चालवली.

पुढच्या पावसाळ्याच्या पहिल्याच सरींत उघड्या काठाची माती वाहून आली. नाल्यातले दगड गाळाखाली गेले.

त्याच साली पेरणीनंतर पावसाने ताण दिला. रोपे माना टाकू लागली. अशा वेळी धोंडी काढण्याचा रिवाज होता: मुसळाला जिवंत बेडूक बांधायचा, कडुनिंबाचा पाला लावायचा आणि घरोघरी मुसळावर पाणी घालून घ्यायचे. शेतातले बेडूक भेगांत खोल गेले होते. एरवी अशा दिवसांत नाल्यातल्या ओल्या दगडांखाली ते हमखास सापडत. आता तिथे दगडच नव्हते. दादा कळशी घेऊन वरच्या गावी निघाले. मी सोबत गेलो.

वर काठची झाडे शाबूत होती. सावलीत पाणी दगडांवरून खळखळत होते. दगडाच्या उतरत्या अंगाला, तुषार उडत तिथे, दगडाच्याच रंगाचे बेडूक बसले होते. त्यांची पिल्ले वाहत्या पाण्यात दगडाला तोंडाने चिकटून होती. दोन हातांवर संथ डोह होता, त्यात एकही नव्हते.

एक म्हातारी तिथे धुणे धूत होती.

"काहून आले बापू, रिकामी कळशी घेऊन?"

"आजी, एक बेडूक पायजे. धोंडीसाठी."

"तुमच्या नाल्यातले कोठी गेले? पऱ्हाटीनं खाल्ले काय त्यायले?"

शेजारच्या बाया हसल्या. दादा म्हणाले, "धोंडी झाली का आणून सोडतो."

"बेडूक का मुसळ हाय, वापरून वापस द्याले? तो गेला का त्याच्यामांगं आमचं पाणीबी जाईन. जा बापू, तुमचा तुमी पाहा."

दादा बराच वेळ त्या दगडांकडे पाहत उभे राहिले. मग आम्ही रिकामी कळशी घेऊन परतलो.

शेवटी काळ्या मातीचा बेडूक करून मुसळाला बांधला. घरोघरचे पाणी अंगावर पडून अर्ध्या गावातच तो विरघळला. मुसळाला नुसता चिखल उरला. पाऊस उशिरा आला, दोन्ही गावांत एकाच दिवशी. तोवर आमची निम्मी पऱ्हाटी वाळली होती.

दुबार पेरणीला दादांनी नाल्याकडचा पट्टा सोडला. "इथून पुढं वखर नेऊ नका," एवढेच ते गड्यांना म्हणाले. भाव तेव्हा चढाच होता. लोकांनी त्यांना खुळ्यात काढले.

पट्ट्यात करंज आपोआप उगवले, उंबर दादांनी लावले. काठ धरला गेला, पुरांनी गाळ नेला, दगड उघडे पडले. सावली पाण्यावर पोहोचायला पुष्कळ वर्षे लागली. एका सकाळी दादांनी मला नाल्यावर बोलावले आणि बोटाने एक दगड दाखवला. त्याच्या उतरत्या अंगाला बेडूक बसला होता.

वरच्या गावची म्हातारी तोवर वारली होती. ती असती तर दादांनी तिलाही बोलावले असते, असे मला वाटते.