लॉवेलचा निळा स्क्रू

लॉवेल डिकहाउस खोटं बोलला असं मला कुणी शपथेवर सांगितलं असतं, तर मी सांगणाऱ्यालाच झापलं असतं. मिशिगनमधल्या आमच्या मस्कीगन गावात एकतीस वर्षं तो लोकांच्या तळघरांतल्या, घर तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करतोय. जानेवारीत पहाटे फोन केला तरी येतो. नुसती तार सुटलेली असली तर तसं स्पष्ट सांगतो, कॉफी पितो आणि जातो. उंच, पाठीत वाकलेला, चष्मा दोरीला बांधलेला. बायको वारल्यापासून शनिवारचा त्याचा संसार म्हणजे आमचा क्लब.

मी नेडीन पोस्टमा. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाले. मुलाच्या नादाने या क्लबात आले. मुलगा ॲरिझोनाला निघून गेला आणि मी इथेच चिकटले. बंद पडलेल्या कागद गिरणीत आमचा एअरसॉफ्टचा, म्हणजे खोट्या बंदुकांच्या लुटुपुटूच्या लढाईचा खेळ चालतो. फाटकाशी माझं टेबल. प्रत्येकाची बंदूक मी तपासते. प्लास्टिकची गोळी ठरल्यापेक्षा जोरात सुटली, की बंदूक परत गाडीत. मग तिथे रडारड चालत नाही.

आमच्या खेळात पंच नसतो. गोळी लागली की ज्याला लागली त्यानेच हात वर करून "लागली!" म्हणायचं आणि बाहेर जायचं. प्लास्टिकच्या गोळीचा डाग पडत नाही, त्यामुळे सगळा खेळ माणसाच्या शब्दावर. लागूनही जो गप्प राहतो, त्याला आम्ही अमर म्हणतो. "काय अमर, आजपण वाऱ्यानेच शर्ट हलला का?" असं एकदा चारचौघांत झालं, की त्याचे कान महिनाभर लाल राहतात. लॉवेलला अकरा वर्षांत कुणी एकदाही अमर म्हटलं नाही. उलट शेजारच्या फांदीला गोळी लागली तरी हा हात वर करायचा. पोरं हसायची, "मास्तर, झाड मेलं, तुम्ही नाही!"

मास्तर हे नाव त्याला पडलं ते लेसरमुळे. पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्यातले बरेच जण अंधारात बघायची दुर्बीण डोळ्यावर लावून खेळायला लागले. ती डोळ्यावर असली की बंदुकीवरून नेम धरता येत नाही. म्हणून बंदुकीवर लेसर बसवायचा. त्याचा ठिपका उघड्या डोळ्याला दिसतच नाही, फक्त दुर्बिणीतून दिसतो. ठिपका माणसावर ठेवायचा आणि घोडा दाबायचा. आता बाजारात असे लेसर ढिगाने. कुठला घ्यावा हे विचारायला जो तो लॉवेलच्या गॅरेजमध्ये. आणि लॉवेलचं कीर्तन ठरलेलं: "किती लांब जातो ते मला विचारू नका. समोरच्याच्या डोळ्याचं काय होईल ते विचारा."

कारण साधं आहे. दिसणारा उजेड डोळ्यावर आला की पापणी आपोआप मिटते. हा उजेड दिसतच नाही, त्यामुळे डोळा उघडा राहतो. त्यात अंधारामुळे बाहुली मोठी झालेली. जोरकस लेसर असला तर डोळा आतून भाजतो आणि भाजेपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून आमच्याकडे फक्त कमजोर, डोळ्याला न बाधणारे लेसर चालतात. विकणारे खोक्यावर वाट्टेल ते लिहितात, तेव्हा लॉवेलने पदरमोड करून लेसरचा जोर मोजणारा मीटर आणला. प्रत्येक लेसर तो माझ्या टेबलावर मोजायचा आणि पास झाला की त्यावर पिवळी पट्टी चिकटवायचा. पट्टी नाही, तर प्रवेश नाही.

ओटिस बून हा लॉवेलचा जिवलग. एकोणीस वर्षं शाळेची बस चालवणारा, गोल चेहऱ्याचा, मोठ्याने हसणारा. त्याचा लेसर निवडायला दोघं तीन संध्याकाळी बसले होते, मीही एका संध्याकाळी होते.

"हा बघ, स्वस्त आहे, गिरणीच्या चिमणीपर्यंत ठिपका जातो," ओटिस म्हणाला.

लॉवेलने तो मीटरसमोर धरला आणि आकडा बघून ओटिसच्या हातात परत ठेवला. "खोक्यावर लिहिलंय त्याच्या वीसपट. उद्याच्या उद्या परत कर."

"अरे, मी काय लोकांच्या डोळ्यांत मारणार आहे का?"

"कुणीच मारत नाही. अंधारात माणूस दारातून अचानक बाहेर येतो, ओटिस. तू बस चालवतोस, तुला मी सांगायला हवं का?"

शेवटी त्यांनी एक कमजोर पण दणकट लेसर घेतला. बंदूक आपटली तरी नेम न हलणारा. ओटिस त्याला "माझी म्हातारी काजवीण" म्हणायचा. मीटरवर सहा-दशांश आकडा आला, म्हणजे मर्यादेच्या आत. पिवळी पट्टी लागली.

गेल्या एप्रिलमध्ये लॉवेलला एका निवृत्त फौजीकडून अस्सल लष्करी लेसर मिळाला. त्यात दोन जोर असतात, सरावाचा आणि पुरा. बटण पुऱ्यावर जाऊ नये म्हणून वाटेत एक छोटा निळा स्क्रू बसवलेला असतो. लॉवेलने मला तो स्क्रू दाखवला, स्वतःच्या मीटरवर स्वतः मोजला, स्वतःच्या हाताने पट्टी लावली. मी मान हलवली. लॉवेलला काय विचारायचं?

मे महिन्यातल्या त्या शनिवारी काय झालं, ते मला चार महिन्यांनी कळलं. पण सांगते इथेच. लांबचा नेम बसवण्यासाठी लॉवेलने घरामागच्या शेतात तो स्क्रू काढला होता आणि कपात ठेवला होता. आठवण झाली ती गिरणीच्या फाटकाशी. घर पंचवीस मिनिटांवर. त्याने विचार केला, बटण पुढे सरकवायचंच नाही, झालं. आणि माझ्यासमोरून पिवळी पट्टी दाखवत आत गेला. मी खाली वाकून स्क्रू बघितला नाही.

अंधारात, हातमोज्यांत, घाईत बटण एक घर पुढे सरकलं. गिरणीच्या चिमणीवर ठिपका असा लख्ख पडला की त्याला त्याच क्षणी कळलं. दोन वर्षं ही विशी-पंचविशीतली पोरं त्याला कोपऱ्याकोपऱ्यावर बाद करत होती, आणि त्या रात्री पहिल्यांदा त्यालाच सगळं आधी दिसत होतं. दहा मिनिटं, मग बंद करू, असं म्हणून तो तसाच पुढे गेला. त्या दहा मिनिटांत बॉयलरच्या खोलीतून एक माणूस बाहेर आला. ठिपका आधी त्याच्या चेहऱ्यावर गेला, मग छातीवर. लॉवेलने गोळी झाडली. माणसाने लगेच हात वर केला. "लागली!" आवाज ओटिसचा होता. दुर्बीण डाव्या डोळ्यावर, उजवा उघडा.

मधल्या सुट्टीत मी चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, वाढत होते. ओटिस वाटी घेऊन लॉवेलशेजारी बसला आणि एक डोळा झाकून माझ्याकडे बघायला लागला.

"नेडीन, तुझ्या नाकाच्या जागी ढग आहे."

"मग आज बरी दिसत असेन," मी म्हटलं. सगळे हसले. लॉवेल हसला की नाही, मी पाहिलं नाही.

सोमवारी डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा पडदा भाजलाय, टाचणीच्या टोकाएवढा, अगदी मधोमध. भरून येणार नाही. लेसरच असणार.

कुणाचा? त्या रात्री आत वीस-बावीस लेसर होते आणि सगळ्यांवर पट्टी होती. बिचारा ओटिस स्वतःच डोकं लढवत बसला. बॉयलरच्या खोलीला जुनी तावदानं आहेत, आपलाच लेसर काचेवरून उलटून आला असेल. तो लॉवेलकडे गेला. लॉवेलने त्याची काजवीण मीटरसमोर धरली. आकडा तोच, सहा-दशांश. त्याने डोळ्याला काडीचाही धक्का लागला नसता, हे मिशिगनमध्ये लॉवेलइतकं कुणाला माहीत नव्हतं.

आणि तो म्हणाला, "गरम झाल्यावर कधीकधी जास्त देतात. असू शकेल."

मी तिथेच होते. मी काय केलं सांगते. मी ओटिसवर डाफरले. "पट्टी लावली तेव्हा चांगला होता. तूच मागाहून काहीतरी खुडबुड केली असशील."

"फक्त बॅटरी बदलली गं."

"बघ! कुठली तरी भलतीच घातली असशील. आणि समोर एखादा पोरगा असता तर?"

लॉवेलच्या मीटरवर संशय घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही. या हंगामात खेळायला येऊ नकोस, असं मी ओटिसला बजावलं. वर म्हटलं, सगळ्यांसमोर सांग, म्हणजे बाकीचे शहाणे होतील. तो आलाही. पुढच्या शनिवारी खेळाआधी चाळीस जणांसमोर उभा राहिला. हातातली टोपी गोल फिरवत म्हणाला, "माझ्या हलगर्जीपणामुळे तुमच्यापैकी कुणाचाही डोळा गेला असता. मला माफ करा. माझाच गेला हे बरं झालं." त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, लॉवेल मीटर धरून उभा होता, बुटांकडे बघत. मला वाटलं, मित्राची लाज त्याला बघवत नाहीये. मला त्याचीच दया आली. ओटिसने लेसर, दुर्बीण, बंदूक सगळं विकून टाकलं.

ऑगस्टमध्ये बसचालकांची तपासणी झाली. उजव्या डोळ्याने ओटिस नापास. बस गेली. डेपोत बस धुवायचं काम मिळालं.

सप्टेंबरमध्ये थंडीच्या आधी लॉवेल माझी भट्टी बघायला आला. तो तळघरात असताना मी वरून बडबडत होते, त्यात ओटिसची बस गेल्याचंही सांगितलं. खाली पान्ह्याचा आवाज थांबला. तो परत सुरू होईना, म्हणून मी उतरले. तो शेवटच्या पायरीवर बसला होता.

"बस कुणामुळे गेली माहीत आहे?" तो म्हणाला. "माझ्यामुळे."

मग त्याने सगळं सांगितलं. स्क्रू, कप, चिमणी, दहा मिनिटं. मी मध्येच म्हटलं, "तुला नंतर कळलं असेल ना?" मला त्याला वाचवायचं होतं, अजूनही.

"पहिल्या मिनिटाला कळलं होतं, नेडीन. रोज सकाळी ठरवतो, आज सांगायचं. मग कुणाच्या तरी घरी जातो, बाई म्हणते, मास्तर, तुमच्यासारखा सरळ माणूस नाही. आणि मी मान डोलावतो." त्याने चष्मा काढला. "आरशात दाढी करताना तोंड बघवत नाही मला."

मला संताप आला, पण तो पुरता त्याच्यावर नव्हता. माझेही हात त्यात बरबटलेले होते. "ऊठ," मी म्हटलं. "भट्टी राहू दे. गाडीत बस."

डेपोत ओटिस रबरी बूट घालून बसच्या चाकांवर पाणी मारत होता. आम्हाला बघून खूश झाला. "अरे वा, मास्तर! नळ गळतोय इथला, बघणार का?"

लॉवेलने उभ्या उभ्या सांगितलं, काही न लपवता. ओटिसने पाणी बंद केलं नाही. पाइप तसाच खाली वाहत राहिला, आमच्या तिघांच्या बुटांवरून.

"म्हणजे माझी काजवीण चांगली होती," तो म्हणाला.

"हो."

"आणि तुला ते तेव्हाच माहीत होतं."

"हो."

"डोळ्याचं मी त्याच रात्री सोडून दिलं असतं, लॉवेल. खेळात होतं. तू चिलीची वाटी खाली ठेवून 'माझा होता' म्हणाला असतास ना, तर मीच तुला दवाखान्यापर्यंत गाडी चालवायला लावली असती आणि वाटेत शिव्या घातल्या असत्या. विषय संपला असता. पण मी घरी नातवाला सांगितलं, आजोबा मूर्ख आहे. मी चाळीस जणांची माफी मागितली. तू शेजारी उभा होतास रे."

लॉवेल म्हणाला, "या शनिवारी मी सगळ्यांना सांगतो. तू येऊ नकोस, तुला त्रास होईल."

"येणार," ओटिस म्हणाला. "तू जिथे उभा होतास तिथे मी उभा राहणार."

शनिवारी तो आला. लॉवेलने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. मीटर आणि पट्टीचं भेंडोळं माझ्या टेबलावर ठेवलं. ओटिस हातभर अंतरावर उभा होता. त्याने धीर दिला नाही, मध्ये बोललाही नाही. फक्त बुटांकडे न बघता पूर्ण वेळ लॉवेलकडे बघत राहिला. लॉवेल मग चालत स्वतःच्या गाडीकडे गेला आणि आत बसून राहिला, गाडी सुरू न करता.

ओटिसही निघाला. मी त्याच्यामागे वाटी घेऊन धावले. "ओटिस, दोन घास खाऊन जा. चूक माझीही झाली. पण मला तरी कसं कळणार होतं? लॉवेलवर कुणी संशय घेईल का?"

त्याने वाटी घेतली नाही. आवाज चढवला नाही, उलट नेहमीच्या मायेनेच बोलला.

"नाही घेणार. पण माझ्यावर घेताना तुला अर्धं मिनिटही लागलं नाही, नेडीन."

माझ्या हातात वाटी होती, ती मी दोन्ही हातांनी धरून ठेवली. तो गेल्यावरही बराच वेळ मला मान वर करता आली नाही.