तडकलेली माती

बटाट्याचं पान चुरगळलं की येणारा उग्र वास मला थेट कर्जतच्या कॉलेजच्या गच्चीवर नेतो. दहा कुंड्यांत बटाटे लावले होते. झाडं स्वतःही बनवतात असं वाढीचं एक स्टेरॉइड संप्रेरक आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी त्यातल्या पाचांवर वरून फवारलं होतं. कोणत्या पाच, ते बंद पाकिटात. मी तीन महिने पानं मोजली, तरी त्या पाच कोणत्या ते कळेना. काढणीच्या दिवशी, कुंड्यांना पाणी घालणाऱ्या कशेळे गावाकडच्या मावशी म्हणाल्या, "ह्या पाचांत कंद मोठं हायत रं! माती तडकलीय बघ. रानात करांद्याचं कंद आमी असंच हुडकतो." सरांनी पाकीट फोडलं. त्याच पाच! त्या कुंड्या पालथ्या केल्या, तर मुठीएवढे बटाटे! मी गच्चीवर नाचलोच. आता माझे विद्यार्थी पट्टी घेऊन पानांकडे धावतात, तेव्हा मी त्यांना आधी मातीवर वाकायला लावतो.