पाच मिनिटांच्या पणत्या

रत्नामावशी हसबनीस यांच्याबद्दल आमच्या रस्त्यावर जे काही बोललं जातं, त्यातलं निम्मं मीच पसरवलेलं आहे. हॅलोवीनला चॉकलेट हातावर ठेवण्याआधी त्या प्रत्येक पोराचं ब्लडप्रेशर घेतात, हे माझंच. बाळकाका, म्हणजे त्यांचे यजमान, गेले तेव्हा त्यांनी देवाकडे इन्स्पेक्शन रिपोर्ट मागितला, हेही माझंच. हे दुसरं मी त्यांच्या तोंडावर म्हणालो होतो आणि त्या खळखळून हसल्या होत्या. म्हणाल्या होत्या, "मेल्या, तुझ्या जिभेला सर्व्हिसिंगची गरज आहे."

मिरजेची ही मुलगी लग्न होऊन मिशिगनमध्ये आली ती एक्याऐंशी साली. आमच्या ट्रॉय गावात तेव्हा मराठी घरं बोटावर मोजण्याइतकी. बाळकाका गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर, आणि मावशींना नोकरी लागली ती सीटबेल्ट तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. डमी माणसं गाडीत बसवायची, गाडी भिंतीवर आपटायची, मग त्याची फिल्म अगदी हळू चालवून कुठला पट्टा कधी घसरला ते वहीत लिहायचं. हे त्यांनी चोवीस वर्षं केलं. त्यामुळे जगाकडे बघायची त्यांची नजरच तशी झाली. कुणाच्या घरी जेवायला गेल्या तरी आधी जिना बघायच्या, कठडा हलवून बघायच्या, मग पाया पडणाऱ्याला आशीर्वाद द्यायच्या.

त्यांचं हॅलोवीन बघायला तीन-तीन रस्ते सोडून पोरं यायची. सप्टेंबर संपता संपता पोर्चमध्ये मक्याची सुकलेली ताटं उभी राहायची, पायऱ्यांच्या कडेने शेवंतीच्या कुंड्या, आणि मधोमध खुर्चीत बाळकाकांचं जुनं विंडचीटर घातलेलं, पानं भरून फुगवलेलं बुजगावणं. त्याला खराखुरा सीटबेल्ट. भोपळे त्या स्वतः कोरायच्या, पण आत मेणबत्ती कधीच नाही, बॅटरीचे दिवे. शेंगदाणा-बदाम नसलेली चॉकलेटं वेगळ्या परातीत. हातात कात्री आणि टाचण्या घेऊन त्या दारात उभ्या राहायच्या, आणि कुठल्या भुताचा झगा पायात येतोय असं दिसलं, की त्या भुताला तिथेच उभं करून झगा दोन इंच वर टाचायच्या. अमेरिकन आयासुद्धा गप्प राहायच्या. मावशींपुढे बोलणार कोण?

बाळकाका गेल्यावर मावशींच्या दिवसाला एकच खुंटी उरली होती, नात अनया. मुलगा अमेय आणि सून निधी चार रस्ते पलीकडे राहायचे, दोघंही ऑफिसला. शाळेची बस अनयाला दुपारी पावणेचारला मावशींच्या दारात सोडायची, ते साडेसहापर्यंत ती आजीची. सहा वर्षांची पोर. मावशी मराठीत बोलायच्या, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघींचं अखंड चालायचं. तीनलाच मावशी खिडकीशी येऊन उभ्या राहायच्या. मी घरून काम करतो, माझी खिडकी समोरच. मी फोन करून चिडवायचो, "बस अजून डेपोतच आहे मावशी, बसा जरा."

त्या उन्हाळ्यात मावशी विसरायला लागल्या.

पहिल्यांदा दूध. गॅसवर ठेवलं आणि विसरल्या. पातेलं जळून धुराचा अलार्म वाजला. अमेय धावत आला तेव्हा मीच पुढे होऊन म्हणालो, "माझी चूक रे, मी गप्पा मारत बसलो त्यांना." मी तेव्हा माझ्या घरी जेवत होतो. दुसऱ्यांदा त्या किराणा आणायला गेल्या आणि गाडी दुकानाच्या पार्किंगमध्ये ठेवून, पिशव्या घेऊन, चालत घरी आल्या. मी त्यांना घेऊन गेलो, गाडी आणली, आणि अमेयला सांगितलं की गाडी चालू होत नव्हती. तिसऱ्या वेळी पुन्हा दूध. त्या वेळी माझ्याकडे नवं खोटं नव्हतं.

अमेय त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. घड्याळाचं चित्र काढायला लावलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मावशींना तीन आठवले. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे, लक्ष ठेवू. अमेयने दाराशी कॅमेरा बसवला आणि स्वयंपाकघरात, माझ्यासमोरच, मावशींना सांगितलं, "आई, आणखी एकदा असं काही झालं, तर अनया शाळेच्या आफ्टर-केअरमध्ये जाईल. आणि तुझ्या एकटीने राहण्याचंही मग बघावं लागेल."

तो गेल्यावर मावशी म्हणाल्या, "बरोबर आहे त्याचं. मी त्याच्या जागी असते तर दुसऱ्या दुधालाच बंद केलं असतं."

तर ऑक्टोबरमध्ये त्यांनी घर सजवायला घेतलं ते परीक्षेला बसल्यासारखं. फ्रिजवर यादी लावली. भोपळ्यांचे दिवे तपासले, खूण. पायऱ्यांवर पांढऱ्या चकाकत्या पट्ट्या चिकटवल्या, खूण. अनयाला फुलपाखरू व्हायचं होतं. झग्याची कड मावशींनी चार इंच आत घेतली. पंखांवरून मात्र दोघींचं वाजलं. तारेच्या सांगाड्यावर ताणलेलं नायलॉन, दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर येणारं. मावशींना ते अर्धे कापायचे होते. अनया रडली. "आजी, देन आय विल बी अ मॉथ!" शेवटी मावशींनी पंख राहू दिले. मला म्हणाल्या, "असू दे. आपल्या घरात ज्योतच नाहीये कुठे, तर पंखांनी काय बिघडतंय?"

त्या वर्षी लक्ष्मीपूजन आणि हॅलोवीन एकाच संध्याकाळी आले.

साडेपाचच्या सुमारास मी माझ्या बायकोने, वीणाने, दिलेलं फराळाचं ताट घेऊन गेलो. एरवी त्या दिवसांत थंडीने पोरं कपड्यांवरून कोट घालून फिरतात, पण त्या दिवशी चक्क उकडत होतं. मावशींनी वरच्या पायरीवर रांगोळी काढली होती आणि भोवती बॅटरीच्या पणत्या मांडल्या होत्या. मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो.

"हे काय मावशी? लक्ष्मी आली आणि पणतीखाली 'मेड इन चायना' वाचून परत गेली तर?"

"तिला सांग, चार्जर आत आहे."

"थट्टा नाही. वीणानं पुण्याहून मातीच्या आणल्यात. पाच लावू. पाचच मिनिटं, पूजेपुरत्या."

"नको."

"वर्षाचा सण मावशी, आणि एक खरी वात नाही दारात?"

"नको म्हटलं ना शिवा. पोरं येतील."

इथे मी थांबायला हवं होतं. पण माझी जीभ. मी म्हणालो, "बाळकाका असते तर लावल्या असत्या."

बाळकाका दर दिवाळीला पोर्चभर तेलाच्या पणत्या लावायचे, हे खरं होतं. मावशी रांगोळीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाच मिनिटं. आणि विझवायच्या तू. माझ्यावर ठेवू नकोस, मी विसरते हल्ली."

"दिला शब्द!" मी म्हणालो. घरी जाऊन पणत्या आणल्या, तेल घातलं, वाती लावल्या. खरंच छान दिसत होतं. मावशींनी हात जोडले. तेवढ्यात कोपऱ्यावरून पोरांचा पहिला लोंढा आला, वेळेआधीच. दोन डायनोसॉर, एक फायर ब्रिगेडवाला, एक कसलासा डबा. मला काय सुचलं, तर मी बुजगावण्याला खुर्चीतून उठवून कोपऱ्यात ढकललं, त्याची टोपी डोक्यावर घेतली, आणि स्वतः त्या खुर्चीत बसलो. पोरं चॉकलेटला हात घालणार, की मी "भ्याऽऽ!" करून उठायचो. पोरं किंचाळायची, पळायची, हसत परत यायची. मावशी दारातून ओरडायच्या, "शिवा, कुणी पडेल रे!" मी रंगात आलो होतो. पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती.

दिवाळी म्हणून त्या दिवशी घरीच राहिलेले अमेय आणि निधी अनयाला घेऊन सव्वासहाला आले. ते खाली फुटपाथवर कुणाशी तरी बोलत थांबले आणि अनया धावत वर आली. "आजी, लुक!" म्हणून तिने गिरकी घेतली. पंखाची खालची कड पायरीवरच्या पणतीवरून गेली.

नायलॉन कसं पेटतं ते ज्याने बघितलं नाही त्याला सांगून कळणार नाही. ज्योत दिसत नाही, पंखच नाहीसा होत जातो. मी खुर्चीत होतो, चार हातांवर. मला उठता आलं नाही. मावशी धावल्या. हातातली परात टाकून त्यांनी पोरीला कवेत घेतलं, हिरवळीवर आडवं केलं, लोळवलं, तापलेली तार उघड्या हातांनी उपसून काढली, आणि अमेय पोचायच्या आत पोरीला बागेच्या नळाखाली धरलं. "वीस मिनिटं पाणी. बर्फ नाही. चिकटलेलं कापड कुणी ओढू नका," त्या सांगत होत्या, आवाज न चढवता. अॅम्ब्युलन्सला पत्ता त्यांनीच सांगितला. त्या क्षणी त्या एकही गोष्ट विसरल्या नव्हत्या.

अनया वाचली. डाव्या दंडावर आणि मानेमागे त्वचा लावावी लागली. मावशींच्या दोन्ही तळव्यांना बँडेज.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये अमेयने त्यांना विचारलं, "आई, पणत्या कुणी लावल्या?"

मी म्हणालो, "मी लावल्या. विझवायच्याही मीच होत्या. मी विसरलो, त्या नाही."

अमेयने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "शिव, प्लीज यार. दुधाच्या वेळी तू असाच बोलला होतास. गाडीच्या वेळीही. किती दिवस तिला कव्हर करणार?"

"अरे, या वेळी खरं आहे!"

"आई?"

मावशी आपल्या बँडेजकडे बघत होत्या. "मीच लावल्या असतील," त्या म्हणाल्या.

असतील. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, असं काय बोललात, आठवत नाही का, मी बाळकाकांचं नाव काढलं, तुम्ही नको म्हणत होतात? त्या म्हणाल्या, "तू सांगितलंस की आठवतं रे. पण तू सांगितलंस म्हणून आठवतंय, की खरंच आठवतंय, ते कसं ओळखायचं?"

तिसऱ्या दिवशी मला कॅमेरा सुचला. मी अमेयला म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, रेकॉर्डिंग बघ. मनात म्हटलं, सुटल्या मावशी. मला शिव्या घालेल, घालू दे.

रविवारी त्याने मला बोलावलं. मावशींच्याच स्वयंपाकघरात बसला होता, दाढी वाढलेली, समोर फोन.

"बघितलं," तो म्हणाला. "तूच लावल्यास. सॉरी, मी ऐकलं नाही तुझं."

मी काही बोलणार, तर त्याने हात वर केला. "आवाजही येतो त्यात. 'माझ्यावर ठेवू नकोस, मी विसरते हल्ली.' हे तिचं वाक्य. तिलाच माहीत होतं, शिव. आणि त्यानंतर ती चार वेळा बाहेर आली. चार वेळा. एकदा एका मुलाचा झगा टाचायला त्याच पायरीवर वाकली, पणतीच्या शेजारी. तिच्या समोर जळतेय. ती टाचते आणि आत जाते." तो थांबला. "माझी आई. आधीची असती तर पहिल्याच फेरीत फुंकर मारली असती, आणि वर तुझी अशी हजेरी घेतली असती की तू पुन्हा दारात उभा राहिला नसतास."

मी समोरचा त्याचा फोन उलटा ठेवला.

"मी तुला माफ करेन कदाचित," तो म्हणाला. "पण अनयाला तिच्याजवळ एकटीला ठेवता येणार नाही. ते तुझ्यामुळे नाही."

घर फेब्रुवारीत विकलं गेलं. मावशी आता अर्ध्या तासावरच्या एका वृद्धांच्या निवासात असतात. खोली स्वच्छ आहे, गॅस नाही, दाराला बाहेरून कोडचं कुलूप आहे. अमेय आणि निधी रविवारी अनयाला घेऊन जातात, तासभर बसतात, तिला घेऊन परत येतात. मावशींच्या तळव्यांची कातडी आखडली आहे, मूठ पूर्ण मिटत नाही. मी गुरुवारी जातो. रस्त्यावरच्या बातम्या सांगतो, थोड्या तिखटमीठ लावून. कधी हसतात, कधी तीच बातमी दुसऱ्यांदा सांगायला लावतात.

परवाच्या गुरुवारी मध्येच थांबवून त्यांनी विचारलं, "अमेयने ते कॅमेऱ्यातलं बघितलं का रे?"

"बघितलं की. केव्हाच."

"काय दिसलं?"

"मी दिसलो. पणत्या लावताना. टोपी घालून माकडचेष्टा करताना."

"आणि मी?"

मी म्हणालो, "तुम्ही चॉकलेटं वाटत होतात."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला खिडकीबाहेर बघावं लागलं. मग त्यांनी न मिटणारा हात माझ्या हातावर ठेवला. "म्हणजे तुझीच चूक होती ना मेल्या? मग त्याला जरा विचार, बसचा स्टॉप इकडे कधीपासून करतोय. पावणेचारपर्यंत मी खाली येऊन थांबेन."

"विचारतो," मी म्हणालो.

अजून विचारलेलं नाही.