मेधाच्या स्कीचा नंबर

मेधाला हे माहीत नाही. मेधा म्हणजे माझी बायको – एका घरात राहतो, एकाच टेबलावर जेवतो, आणि तरी माहीत नाही. आमच्या मुलीला, इरालाही नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही परके आहात म्हणून, दुसरं काय. परक्याला सांगायला छाती लागत नाही.

आधी सोपं आहे तेवढं सांगतो. मागच्या आठवड्यात इराला नव्या स्कीसाठी बाइंडिंग घ्यायचं होतं. ती मला वेलिंग्टनच्या दुकानात घेऊन गेली, कारण मेधाने तिला सांगितलं होतं – बाबांना ने, ते इंजिनिअर आहेत, त्यांना त्यातलं कळतं. कळतं हे खरं आहे. फार चांगलं कळतं.

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारा खटका. पण पकडून ठेवणं हे त्याचं अर्धंच काम. माणूस पडला, पाय पिळवटायला लागला, की त्याने बूट सोडून द्यायचा – हे उरलेलं अर्धं. किती जोर आला की सोडायचं ते एका स्क्रूवर ठरतं, आणि शेजारच्या छोट्या खिडकीत नंबर दिसतो. नंबर कमी असेल तर स्की लवकर सुटते, जास्त असेल तर उशिरा. फारच जास्त असेल तर हाड आधी जातं.

दुकानातल्या माणसाने इराला विचारलं, स्की कशी करतेस – सांभाळून, मध्यम, की जोरात? "अ‍ॅग्रेसिव्ह," ती म्हणाली, जणू त्याने शंका घेतली होती. मग त्याने समजावलं, की जोरात जाणाऱ्याला नंबर थोडा वर लागतोच, नाहीतर ऐन वेगात स्की विनाकारण सुटायची, आणि तेही वाईटच. पण वजन, उंची, बुटाची लांबी सगळं बघून ठरवायचं, आणि बाइंडिंग असं घ्यायचं की आपला नंबर पट्टीच्या मध्यावर यावा, टोकाला नाही. त्याने सातवर लावून दिलं. इराला दहा हवा होता. तिच्या स्की क्लबातली धिप्पाड पोरं दहावर असतात म्हणे.

गाडीत मी तिला म्हटलं, सातच ठेव. ती हसली. "बाबा, आई तर फोरवर होती. तरी तिची स्की सुटली नाही, लेग मोडलाच ना? सो नंबरने काय होतं? इट्स जस्ट लक."

मी गाडी चालवत राहिलो. रस्त्यालगतच्या हट नदीला पाणी भरपूर होतं, ते बघितलं.

चारवर होती – हे तिला कोणी सांगितलं? मेधाने. आणि मेधाला?

इरा लहान होती तेव्हा आम्ही तीन मराठी कुटुंबं दर हिवाळ्यात रुआपेहूच्या बर्फाळ डोंगरावर जायचो. पुण्यात बर्फ फक्त गोळ्यात बघितलेली मंडळी आम्ही, पण इथे आल्यावर हे अंगात आलं. मला स्कीइंग लवकर जमलं आणि जमल्याचा माज त्याहून लवकर चढला. स्की दुकानात कशाला लावून घ्यायच्या? घरात इंजिनिअर असताना? सगळ्यांच्या स्की मीच लावायचो, स्क्रूड्रायव्हर खिशात घेऊन हिंडायचो. कोणी विचारलं नाही तरी नंबर सांगायचो. मेधा मात्र भीत भीत करायची. ती पडायची, स्की सुटायची. मग मी वर चढून जायचो, तिच्या बुटाखालचा बर्फ खरवडायचो, तिला खांद्याचा आधार द्यायचो, स्की पुन्हा लावायचो. दहा हात पुढे गेलं की पुन्हा तेच. बाकीचे उतारावर नेणाऱ्या लिफ्टपाशी थांबलेले. कोणीतरी हाका मारतंय – मिलिंद, येतोयस की नाही?

स्की सुटत होती, कारण ती सुटायलाच हवी होती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. चूक झाली, अंदाज चुकला, असं मी म्हणू शकलो असतो – पण तसं नव्हतं हो. माझा दिवस फुकट जात होता. एवढंच होतं.

दुपारी कॅफेत सगळे सूप पीत असताना मी बाहेर आलो आणि तिच्या दोन्ही स्कीचा नंबर चारवरून आठवर नेला. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती.

आणि छान गेला पहिला तास! स्की एकदाही सुटली नाही. मेधा खूश. "अरे, जमायला लागलं मला," ती म्हणाली, गाल लाल झालेले, चष्म्यावर धुकं. मी म्हटलं, बघ, म्हटलं नव्हतं?

त्यानंतरचं पडणं अगदी साधं होतं. हळू, वळताना. ती एका बाजूला पडली, स्की दुसऱ्या बाजूला अडकून राहिली, आणि मधे तिचा पाय. मी तो आवाज ऐकला. त्याबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही.

बर्फावरची मदत करणारी माणसं आली, तिला स्लेजवर बांधून खाली नेलं. तिच्या स्की माझ्या हातात दिल्या, घेऊन ये म्हणाले. आणि मी काय केलं? पार्किंगमध्ये गाडीमागे वाकून खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि नंबर परत चारवर आणला. बायको आत प्रथमोपचाराच्या खोलीत वेदनेने ओरडतेय आणि मी स्क्रू फिरवतोय. हात थरथरतही नव्हते. मग आत गेलो. तिथल्या माणसाने विचारलं, बाइंडिंग किती होतं? मी स्की पुढे धरली. चार, म्हटलं. त्याने वाकून बघितलं, मान हलवली. मेधा ऐकत होती.

हॉस्पिटलला जाताना तिने माझा हात धरला. "सॉरी रे," म्हणाली. "सगळ्यांचा दिवस घालवला मी."

मी म्हटलं, असू दे.

म्हणजे मी तिला माफ केलं. कळतंय ना तुम्हाला? मी – तिला.

गुडघ्याखाली प्लेट बसली. पाय पूर्वीसारखा झाला नाही. मेधा फार्मसिस्ट आहे, दिवसभर उभं राहायचं काम तिने सोडलं. आम्ही रोज संध्याकाळी नदीकाठी चालायचो, तेही सुटलं. आता मी एकटा जातो आणि ती गाडीत बसून रेडिओ ऐकते. परत येताना लांबून काचेआड तिचं डोकं दिसतं. जिना उतरताना मागे कोणी असलं की ती कठड्याला सरकते आणि सॉरी म्हणते. मंडळींत एकमत झालं, की मेधाला ते झेपणारं नव्हतंच. तिचंही तेच मत आहे. आणि मी? मी त्यानंतर स्कीला पाय लावला नाही. बायकोसाठी एवढा शौक सोडला, असं बायका आपापल्या नवऱ्यांना माझं उदाहरण देतात. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो. सुरुवातीला वाटायचं, पाय बरा झाला की सांगू. मग वाटलं, आता बरी आहे तर कशाला. पुढे पुढे मी तिच्याशी कमी बोलू लागलो, कारण कुठलाही विषय फिरत फिरत तिथे येईल अशी धास्ती. ती समजते, माझा स्वभावच घुमा आहे.

आता परवाचं. शुक्रवारी संध्याकाळी गॅरेजमध्ये इराने माझ्यासमोर, माझ्याच स्क्रूड्रायव्हरने, सातचा दहा केला. मी तिला जोर, कोन, हाडाची ताकद, सगळं समजावलं. एक वाक्य सोडून सगळं. "बाबा, यू वरी हीप्स," ती म्हणाली आणि आंघोळीला गेली. मग मी नंबर परत सातवर आणला. पुन्हा चोरून. तेवढंच मला येतं.

काल संध्याकाळी तिचा डोंगरावरून फोन आला. मेधाने स्पीकरवर टाकला. पहिल्याच उतारावर स्की सुटली, बघितलं तर नंबर खाली घसरलेला, म्हणाली. दुकानवाल्याने नीट लावलं नव्हतं बहुतेक. "इट्स ओके, मी परत टेन केला. स्वीट अ‍ॅज, एकदम मस्त."

मी मँडरीन संत्रं सोलत होतो. मेधाने माझ्याकडे बघितलं – तू सांग ना काहीतरी, अशा नजरेने. मी साल काढत राहिलो.

मग तीच बोलली. "माझा चारवर होता गं, तरी कुठे सुटली? तुला बरं वाटतं तसं ठेव. पण जपून."

फोन बंद झाला. मी सोललेल्या फोडी तिच्या हातावर ठेवल्या. ती थँक्यू म्हणाली.

आज रविवार आहे. इरा अजून डोंगरावर आहे. फोन माझ्यासमोर टेबलावर आहे, आणि मी हे तुम्हाला लिहीत बसलोय.