माझा स्टॉप अजून आलेला नाही

आमच्या सासूबाईंनी उभ्या संसारात स्वतःचं तिकीट स्वतः कधी काढलं नव्हतं. प्रवास झाले, नाही असं नाही. पण तिकिटं कायम मामंजींच्या शर्टाच्या खिशात, आणि खिडकी कुणाला, कोपरा कुणाला, हेही तेच ठरवणार. "ह्यांनी 'चला' म्हटलं की चालायचं, 'उतरा' म्हटलं की उतरायचं," असं त्या हसत सांगतात. मला नाही हसू येत. मामंजी गेल्यावर त्या आमच्याकडे, या परक्या मुलखात राहायला आल्या आणि पहिला हिवाळा त्यांनी खिडकीशी बसून काढला.

मग बाजारातल्या एका दुकानात त्यांना काम मिळालं. कपडे दुरुस्त करून देण्याचं दुकान. पँट आखूड करायची, चेन बदलायची, फाटलेलं अस्तर बदलायचं. मालकीण तिसऱ्याच देशाची, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. खडूची रेघ आणि दातांत धरलेल्या टाचण्या, एवढ्यावर दोघींचं झकास चालतं.

दुकानाला जायचं म्हणजे बस. सुरुवातीला मी सोबत गेले. मग एक दिवस त्या म्हणाल्या, "उद्या तू नको येऊस." त्या संध्याकाळी घरी आल्या तेव्हा चेहरा असा, की एखाद्या पोरीनं पहिल्यांदा सायकल चालवली असावी. पुढं तर जेवताना रोज बसचीच बातमी. कुठली उशिरा आली, कुठला ड्रायव्हर ब्रेक कचकन मारतो. माझा नवरा त्यांना कंडक्टर म्हणायला लागला. "काय कंडक्टर, आज गाडी वेळेवर?" की लागल्याच सांगायला.

आणि एके दिवशी बातम्या बंद झाल्या. विचारलं तर "काही नाही गं, दमले." दोन-तीन दिवसांनी मालकिणीचा फोन मला आला. इथल्या भाषेत मोडकंतोडकं बोलत ती विचारत होती, त्या दिवशी आई उशिरा आल्या, डोळे लाल होते, घरी सगळं ठीक ना?

रात्री कपड्यांच्या घड्या घालता घालता सासूबाईंनी सांगितलं. बस निम्मी रिकामी होती. एक माणूस चढला, समोर येऊन उभा राहिला आणि काहीतरी बोलला. त्यातले दोनच शब्द त्यांना कळले. 'तुमच्यासारखे' आणि 'उतर'. उतर हा शब्द त्या बसमध्येच शिकल्या होत्या. बाकीचं त्याच्या बोटानं सांगितलं, कारण तो त्यांच्या हाताच्या कातडीकडं बोट दाखवत होता.

"मग?"

"मग काय. शाळेचा स्टॉप आला, उतरले. पुढं चालत गेले."

"बसमध्ये कुणीच काही बोललं नाही?"

"एक बाई होती. ती खाली बघत होती."

ते खाली बघणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. इतकी वर्षं मीही हेच सोसते. कुणी पर्स छातीशी धरतं, कुणी शेजारून उठून जातं. मी कानात हेडफोन घालते आणि आपण जिंकलो असं स्वतःला समजावते.

दाराशी उभं राहून ऐकणाऱ्या नवऱ्याचं डोकं फिरलं. "उद्यापासून मी गाडीनं सोडतो. नाहीतर सोड ते काम. कोण म्हणतंय तुला कर म्हणून?" भीतीच्या भरात मीही मान डोलावली.

सासूबाईंनी हातातला टॉवेल बाजूला ठेवला. "तो म्हणाला, उतर. तूही तेच म्हणतोयस. त्यानं रागानं म्हटलं, तू मायेनं म्हणतोस, एवढाच काय तो फरक."

नवऱ्यानं तो टॉवेल उचलून त्याची घडी घालायला घेतली.

"त्याचं बोलणं विसरेन रे मी. पण तो उतर म्हणाला आणि मी मुकाट उतरले, हे गळ्याखाली उतरत नाही. जन्मभर तेच केलं. आता नाही करायचं."

दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "मला इथल्या भाषेतलं एक वाक्य शिकव." मी मनात साठवून ठेवलेली खमंग वाक्यं भराभर बाहेर काढली. एकेकाचा अर्थ ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, भांडायचं नाहीये मला. जायचंय."

शेवटी त्यांनीच ठरवलं. 'माझा स्टॉप अजून आलेला नाही.' तेही आधी इथल्या भाषेतलं 'अहो' लावून हवं. मी वैतागले. "त्या माणसाला कशाला अहो?" तर म्हणे, "तो सुटला म्हणून मीही सुटू?" भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, आंघोळीला गेल्यावर, घरभर ते एकच वाक्य. उच्चार काही केल्या सरळ होईना, पण अडखळणं गेलं.

मी सोबत जाणार म्हटल्यावर अट घातली: मागं बसायचं आणि तोंडाला कुलूप. काही दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी त्यांचे खांदे ताठ झालेले दिसले आणि मी ओळखलं. नीटनेटका कोट, चकचकीत बूट. मी रस्ता चुकले असते तर ह्यालाच विचारला असता.

तो त्यांच्यासमोर थांबला. या वेळी मी सगळं ऐकलं. तुमच्या रंगाच्या लोकांनी गाव भरून टाकलंय, आलात तिकडं परत जा, उतर.

सासूबाई म्हणाल्या, "अहो, माझा स्टॉप अजून आलेला नाही."

त्याला वाटलं, हिला कळलं नाही. तो आवाज चढवून बोलला. त्यांनी तेच वाक्य, त्याच आवाजात. माझं रक्त उसळलं, मी अर्धी उठलेही. त्यांनी मागं न बघता हाताचा पंजा दाखवला. खाली बस.

शाळेचा स्टॉप आला. दार उघडलं. तो दाराकडं हात करून उभा. सासूबाईंनी दाराकडं पाहिलं, चांगलं सावकाश पाहिलं, आणि तिसऱ्यांदा तेच वाक्य म्हणून खिडकीबाहेर बघायला लागल्या. दार मिटलं. बस निघाली. तो पुटपुटत पुढं जाऊन उभा राहिला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणाचं हृदयपरिवर्तन झालं नाही. लोक आपापल्या फोनमध्ये होते.

बाजार आला. त्यांनी बटण दाबलं, दांडी धरत उतरल्या. मागोमाग मीही, माझं ऑफिस पुढं आहे हे विसरून. बस दिसेनाशी झाल्यावर त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं. हात बर्फासारखा गार.

"थांब गं. जरा थांब."

आम्ही थांबलो. माझे डोळे भरून आले होते, त्यांचे कोरडे होते. श्वास जागेवर आल्यावर त्यांनी कोटाची बटणं सारखी केली.

"हे तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "नाहीतर उद्या गाडी काढून दारात उभा राहील."